कंपाउंडरबाईंची बाटली

माझ्या मावशीला गल्लीत कुणी नावानं ओळखत नाही. ती कंपाउंडरबाई. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात एका लाकडी खिडकीमागे उभं राहून तिनं उमेदीची सगळी वर्षं लोकांना लाल औषध, पिवळं औषध करून देण्यात घालवली. प्रत्येक बाटली उजेडासमोर धरून बघायची, बूच लावायचं, वर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायची आणि मगच खिडकीबाहेर सरकवायची. डॉक्टर गेले, दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, तरी तिचं नाव तेच राहिलं. घरात मात्र ती ताई. दोन धाकट्या भावांची आणि एका बहिणीची. ती बहीण म्हणजे माझी आई. आई लवकर गेली आणि मला मावशीनंच वाढवलं, म्हणून हे सांगायचा हक्क मी माझ्याकडे घेते.

मावशीनं लग्न केलं नाही, असं माझे दोन्ही मामा सगळ्यांना सांगतात. मी सांगते, तिचं लग्न कुणी करून दिलं नाही. आधी आजोबा अंथरुणाला खिळले, मग धाकट्या मामांचं शिक्षण, मग आजीचे डोळे गेले. सगळ्यांचं सगळं उरकेपर्यंत हिचं वयही उरकलं. याबद्दल ती कधी एक अक्षर बोलली नाही. तिच्या गप्प बसण्याचा सगळ्यांना फार फायदा झाला.

आजोबांच्या घरामागे एक जमिनीचा तुकडा होता. आजी असेपर्यंत तिथं कपडे वाळत. मावशीनं तिथं खाण्यातली झाडं लावली. पुदिना, शेपू, मरवा, आणि एक बारीक पातीचा कांदा, ज्याची पात सुईसारखी आणि फूल म्हणजे जांभळा गोंडा. बाकीचे लोक पानं खातात आणि फूल आलं की झाड वाया गेलं म्हणतात. मावशी फुलांचीच वाट बघायची. त्या फुलांचं ती व्हिनेगर करायची, एखाद्या वर्षी त्यात शेपूची किंवा मरव्याची फुलंही घालायची.

ते करताना तिच्या आसपास फिरकायची सोय नसे. दहिवर सुकलं पण ऊन अजून तापलं नाही, अशा वेळी फुलं खुडायची. प्रत्येक गोंडा उलटा धरून झटकायचा, कारण मुंग्यांना तीच जागा आवडते. पाण्यातून काढून जुन्या धोतराच्या फडक्यावर पसरायची आणि अगदी कोरडी होऊ द्यायची. पाण्याचा थेंब राहिला तर व्हिनेगर गढूळ होतं. बाटल्या उकळून, पालथ्या घालून वाळवलेल्या. व्हिनेगर कोमट करायचं, उकळायचं नाही, आणि फुलांवर असं ओतायचं की एकही पाकळी वर डोकं काढणार नाही. पत्र्याचं झाकण लावलेलं तिनं पाहिलं तर पाहुण्याचीही गय करत नसे, कारण आंबट पत्र्याला खातं आणि मग तो गंज आपण खातो. तीन आठवडे बाटल्या कपाटाच्या अंधारात. रोज एकदा हलवायच्या. पहिल्या दोन दिवसांतच पांढरं व्हिनेगर गुलाबी व्हायला लागायचं आणि मी लहानपणी ते बघायला कपाटाचं दार सारखं उघडून मार खायचे. मग मलमलीतून गाळणं, नव्या बाटलीत भरणं, शोभेला एक ताजा गोंडा आत सोडणं, आणि झाकणावरून खालपर्यंत कागदाची पट्टी. पट्टीवर तिच्या दवाखान्याच्या अक्षरात फुलांची नावं.

दर वर्षी एक बाटली थोरल्या मामांकडे, एक धाकट्यांकडे, एक माझ्याकडे. माझ्याकडे ती काकडीवर आणि उकडलेल्या बटाट्यावर जाते. नवरा नाक मुरडतो, म्हणून मला जास्त उरते.

गेल्या वर्षी मावशी न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड बसलं, पण हातात काठी आली आणि डॉक्टरांनी सांगितलं की हिला आता एकटं ठेवू नका. दोन्ही मामा धावत आले. ताईची काळजी करता करता त्यांनी घर विकायचं ठरवूनही टाकलं. एवढं मोठं घर, एवढ्या पायऱ्या, तिला कसं झेपणार. त्यांनी जिथं बोट दाखवलं तिथं मावशीनं सही केली. मग दोघंही भांडायला लागले की ताई कुणाकडे राहणार. थोरले म्हणाले, माझ्याकडे. धाकटे म्हणाले, छे, माझ्याकडे. मला पहिल्यांदा बरं वाटलं. मग लक्षात आलं की दोघंही एकमेकांचं म्हणणं खोडत होते ते फार बेताबेतानं, समोरच्यानं खरंच माघार घेतली तर पंचाईत व्हायची म्हणून. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

“माझ्याकडे चल,” मी मावशीला म्हटलं.

“तुझ्या दीड खोल्या. त्यात तुझी सासू. ती मला बघून रोज कण्हेल आणि मी तिला बघून,” मावशी म्हणाली. “तुझ्याकडे जागा नाही हे मला माहीत आहे. जे दोघं जागा आहे म्हणतात, त्यांचं बघायचंय.”

“बघणार कसं? तोंडावर दोघंही गोडच बोलणार.”

“माझ्या बाटल्या आहेत ना त्यांच्या घरी. जिथं माझी बाटली उघडली असेल तिथं मी जाईन.”

मी हसले. ती हसली नाही. शितावरून भाताची परीक्षा करतात हे मी ऐकलं होतं, पण उरलेलं आयुष्य कुठं काढायचं हे कुणी व्हिनेगरवरून ठरवतं हे मला नवीन होतं. तरी तिच्या परीनं ते बरोबर होतं. तिनं जन्मभर लोकांना बाटल्या दिल्या होत्या, आणि कोण औषध घेतो आणि कोण मोरीत ओततो हे तिला परत आलेल्या बाटलीवरून कळायचं.

आम्ही आधी थोरल्या मामांकडे गेलो. चौथा मजला, लिफ्ट आहे. मामींनी दारातच हात धरला. “या वन्सं, तुमची खोली तयारच आहे.” खोलीत धावायचं यंत्र होतं आणि त्यावर तीन बॅगा. “हे काय, एका दिवसात हलवू,” मामा म्हणाले.

बैठकीच्या खोलीत मोठी खिडकी आहे. तिच्या कट्ट्यावर मावशीच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या. पाच. पाचही पट्ट्या झाकणावर जशाच्या तशा. मधेमधे चिनीमातीची बदकं.

“उघडायचं मनच होत नाही हो,” मामी म्हणाल्या. “येणारा-जाणारा विचारतो, कुठून आणल्या. मी सांगते, आमच्या वन्सं करतात.”

मावशीनं एक बाटली उचलली आणि उजेडासमोर धरली. व्हिनेगर चहासारखं झालं होतं. आतला गोंडा कापसासारखा पांढरा.

“ऊन लागलंय,” ती म्हणाली.

“हो ना, दुपारचं किती छान ऊन येतं इथं,” मामी म्हणाल्या. “तुम्हाला बसायला बरं.”

“चवीला कसं झालं होतं रे?” मावशीनं मामांना विचारलं.

“तुझ्या हातची चव काय विचारतेस ताई. एक नंबर,” मामा म्हणाले. त्यांना खोटं बोललो असं वाटलंही नसावं, इतकं ते सहज आलं. मावशीनं बाटली दोन बदकांच्या मधे परत नेमकी जागेवर ठेवली आणि चहा अर्धा टाकून उठली.

धाकट्या मामांचं नळांचं आणि बेसिनचं दुकान आहे. घरही दुकानासारखंच लखलखीत. धाकट्या मामी बोलायला फटकळ, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून मध गळत होता. मावशीनं बसल्या बसल्याच विषय काढला.

“बाटली संपली का गं?”

“संपतच आली वन्सं. एक पुरतच नाही. आता दोन देत जा.”

मावशीचा चेहरा मी बघत होते. तो चेहरा मी खूप वर्षांत पाहिला नव्हता. ती काठी बाजूला ठेवून नीट टेकून बसली, पदर सारखा केला. दुसऱ्या कपाला नाही म्हणाली नाही.

“कशावर घालतेस?”

“कशावर घालत नाही ते विचारा,” मामी म्हणाल्या आणि आत चहा टाकायला गेल्या.

मला लाज वाटली. मामींना मी मनातल्या मनात बरंच काही म्हणत आले होते, ते सगळं मागे घ्यायच्या तयारीत होते. मावशी हात धुवायला आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही, म्हणून पुन्हा घसरली की काय या भीतीनं मी मागे गेले.

ती बेसिनपाशी उभी होती. हातात तिचीच बाटली. वरचं झाकण काढून फवाऱ्याचं तोंड बसवलेलं होतं आणि त्या तोंडात एक जांभळी पाकळी अडकली होती. बाटलीवर तिच्या अक्षरातली पट्टी, अर्धी ओली. मावशीनं ती नेहमीच्या सवयीनं उजेडासमोर धरली. मग नाकाजवळ नेली.

“शेपू आहे यात,” ती म्हणाली. “गेल्या वर्षीचं.”

मला कळायला एक क्षण लागला. मग नळ दिसले. असे नळ मी कुणाच्या घरी पाहिले नाहीत. खाऱ्या पाण्याचा एक पांढरा ठिपका नाही.

“मी आत्ता जाऊन विचारते,” मी म्हटलं.

“गप्प बस.” तिनं नळावर एक फवारा मारला, शेजारच्या फडक्यानं पुसला आणि वाकून बघितलं. “चांगला निघतो डाग.”

बाहेर येऊन तिनं दुसरा कप पूर्ण प्यायला. परतताना बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत होते, कारण तिच्याकडे बघितलं असतं तर मला रडू आलं असतं आणि ते तिला चाललं नसतं.

“मी धाकट्याकडे जाते,” ती म्हणाली.

“तुझं डोकं ठिकाणावर आहे का? तिनं तुझ्या फुलांनी न्हाणीघर धुतलं.”

“धुतलं ना. म्हणजे उघडलं. थोरल्याकडे मी खिडकीत बसून राहीन आणि येणारा-जाणारा म्हणेल, किती जपता हो तुम्ही. धाकटीला हाताशी माणूस लागतं. जिथं हाताशी लागतं तिथं जेवायला वेळेवर मिळतं. दवाखान्यात मी तेच केलं, घरीही तेच केलं. या वयात मला नवीन काय शिकवतेस.”

“आणि माझ्याकडची बाटली?”

“तुझ्याकडची मला मोजायची नव्हती. तू माझीच आहेस,” ती म्हणाली आणि तिकीट हातात घट्ट धरून डोळे मिटून बसली.

पदरी पडलं आणि पवित्र झालं, असं म्हणतात. पदरी पाडून घेणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

घर रिकामं झालं. नव्या मालकानं मागच्या जमिनीत फरशी घालून गाडी लावली. मावशीनं धाकट्या मामांकडे जाताना एका कुंडीत तो बारीक पातीचा कांदा नेला. तिथल्या बाल्कनीत त्याला ऊन कमी पडायचं. तरी या मोसमात त्याला चार गोंडे आले. मला फोनवर तेवढंच सांगितलं, म्हणून मी भेटायला गेले. एक लहान बाटली तर होईल, असं माझ्या मनात होतं. मी माझ्याबरोबर पांढरं व्हिनेगर आणि मलमलीचा तुकडाही नेला होता.

मावशी बेसिनपाशी होती. काठी भिंतीला टेकवलेली, कमरेला फडकं खोचलेलं. दार उघडायचं, गॅसवाल्याला थांबवायचं, कपड्यांच्या घड्या आणि दर दोन दिवसांनी नळ, अशी तिची कामं ठरून गेली होती. मामींच्या बाबतीत एवढं मान्य करावं लागेल की तिचं जेवण वेळेवर होत होतं.

मी पिशवीतून बाटली काढली. मामींनी ती पाहिली.

“अरे वा, व्हिनेगर आणलंस. वन्सं, यंदा तुमचं ते फुलांचं करणार ना?”

मी मावशीकडे बघितलं. मला वाटत होतं, तिनं काहीतरी बोलावं. एकदा, जन्मात एकदाच, कुणालातरी ऐकवायला हवं होतं.

“फुलं कशाला,” मावशी म्हणाली. “फुलांनी फवारा तुंबतो. साधं व्हिनेगरच बरं.”

मामींचा चेहरा क्षणभर उतरला आणि मग एकदम मोकळा झाला. “हो ना वन्सं,” त्या म्हणाल्या. “मला कधीपासून सांगायचं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले.”

“वाईट कसलं त्यात,” मावशी म्हणाली. तिनं माझ्या हातातून बाटली घेतली, उजेडासमोर न धरताच फवाऱ्याच्या बाटलीत ओतली आणि पुढच्या नळाकडे वळली.