पालथा कागद

आमच्या सरांच्या हाती कोणताही कागद दिला की ते तो आधी टेबलावर पालथा घालत आणि विचारत, "कुणाचं हाय हे?" उत्तर पटलं तरच कागद सुलटा होई. मला या सवयीचं फार हसू यायचं.

मी लातूरला शिकवत होते आणि पीएच.डी.साठी दर शनिवारी एसटीने नांदेडला त्यांच्याकडे जायचे. आपल्याकडची माणसं पासवर्ड म्हणून काय ठेवतात, हा माझा विषय. विषय गमतीचा, पण सांगणार कोण? दोन वर्षं छापील प्रश्न वाटून हाती काही लागलं नव्हतं आणि मुदत संपत आली होती.

तेवढ्यात एका खासगी दवाखान्याच्या ॲपमधली माहिती फुटली. नावं, पासवर्ड, आजार, सगळं मोबाइलवर फिरू लागलं. मी ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन सरांपुढे ठेवली. त्यांनी पेनड्राइव्हही पालथा घातला, खोटं नाही सांगत!

"कुणाचं हाय हे?"

"सर, नेटवरच पडलंय. सगळ्यांकडे आहे."

"बाजारात कुणाची पिशवी फाटली, तर समद्यांनी येचून घ्यायचं का? ज्याचं हाय त्याला इचारलंस? न्हाई ना? पुसून टाक."

मी मान डोलावली. पण मी मुळातच चौकस. घरी येऊन फाइल उघडलीच. मजेत वाचत होते आणि एका ओळीत सरांचं नाव आलं. पुढच्या रकान्यात आजार. फाइल लगेच पुसली, वाचलेलं मात्र पुसता येईना.

पुढच्या शनिवारी जिन्यात मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. वर गेल्यावर खुर्ची सरकवून दिली, पाणी आणलं. याआधी असलं काही मी कधी केलं नव्हतं. सर बघत राहिले.

"उघडलीस व्हय?"

मला रडूच आलं.

"घरी कुणाला ठाऊक न्हाई," ते हळूच म्हणाले. "आता तुलाबी जपावं लागंल. मुदत मी वाढवून मागतो. तू दारोदार जाऊन इचार."

मी मुखेड, जळकोट पालथं घातलं. समोर बसून विचारलं की लोक सांगतात हो! एका आजोबांनी पासवर्ड म्हणून म्हशीचं नाव ठेवलं होतं. "लिवा, लिवा," म्हणाले, "म्हशीला कळू देऊ नका."

प्रबंध झाला. त्यानंतर दोन वर्षांनी सर गेले. विभागात जो तो मलाच विचारत होता, "काय झालं होतं हो त्यांना? तुम्हाला माहीत असेल."

"नाही," मी म्हणाले.

आता तुम्हालाही विचारावंसं वाटत असेल. तुमच्या जागी मीही विचारलं असतं. पण ते सरांचं आहे.