नंदकिशोरचं अर्धं राहिलेलं इंजिन

मुलुंड पश्चिमेला, एलबीएस रोडच्या आतल्या गल्लीत, सुगंधा आणि नंदकिशोर राणे यांचं गॅरेज. दोघं ठाण्याच्या एका कारखान्यात भेटले होते. ती लेथ मशीनवर, तो फिटर. कारखाना बंद पडला तेव्हा दोघांनी मिळून इंजिनांची कामं घ्यायला सुरुवात केली. मापं तिची, हात त्याचा.

गेल्या वर्षी घाटकोपरच्या मृणालिनी दांडेकर वडिलांची जुनी परदेशी गाडी घेऊन आल्या. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, सिग्नलला उभं असलं की बंद पडलं की काय असं वाटावं इतकं शांत.

"आई पाचगणीला असते," त्या म्हणाल्या. "पसरणीच्या घाटात गाडीला दम लागतो. ताकद वाढवून द्या. पण ही शांतता गेली तर मला गाडी नको."

"होईल," नंदकिशोर म्हणाला.

त्याने इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा जड भाग, उतरवलं. हवा आत जाते त्या वाटा कोरून रुंद आणि गुळगुळीत केल्या की इंजिन मोकळा श्वास घेतं, ताकद वाढते. पण सहाही वाटा सारख्याच हव्यात, नाहीतर इंजिन थरथरतं. त्याच्या तीन वाटा झाल्या आणि एका सकाळी हातातला चहाचा कप सुटला. मेंदूत गाठ निघाली. डॉक्टरांनी विचारलं, हातातून वस्तू कधीपासून सुटतायत? "आत्ताच," तो म्हणाला. दोन महिन्यांत तो गेला.

मृणालिनीताई भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "गाडी उचलून नेते. तुम्ही काळजी करू नका."

"राहू द्या," सुगंधा म्हणाली. "मी करते."

नंदकिशोरच्या वाटांसारख्याच वाटा कोरायच्या म्हणून तिने त्यांत रबर ओतून साचे काढले. पहिला साचा काचेसारखा नितळ आला, दुसराही. तिसऱ्यावर मात्र ओरखडे होते, आणि एके ठिकाणी ग्राइंडर घसरून खड्डा पडलेला. खड्ड्याच्या कडा पुन्हा पुन्हा घासून बुजवायचा प्रयत्न केलेला दिसत होता. हे काम कप सुटायच्या आधीचं होतं; म्हणजे हात तेव्हापासूनच ऐकत नव्हता. साचा हातात धरून ती स्टुलावर बसून राहिली.

खड्डा काढायचा तर वाट आणखी रुंद करावी लागणार होती, आणि मग बाकीच्या पाचही तेवढ्याच. म्हणजे नंदकिशोरच्या दोन नितळ वाटांनाही ग्राइंडर लावायचा. दोन दिवस तिने हेडला हात लावला नाही. मग लावला.

इंजिन जोडून सुरू केलं तेव्हा तिने बॉनेटवर तळवा ठेवला. इंजिन चालू होतं, तरी तळव्याखाली काहीच थरथरलं नाही. घोडबंदरला गायमुखच्या चढावर मृणालिनीताईंनी स्वतः गाडी चालवली.

"सुरुवातीला ओढ थोडी कमी वाटेल," सुगंधाने आधीच सांगून टाकलं. "वाटा ठरल्यापेक्षा रुंद झाल्यात. वेग घेतला की मात्र ताकद मिळेल."

अर्ध्या चढावर एक ट्रक मागे टाकून मृणालिनीताई म्हणाल्या, "आवाज तेवढाच आहे हो." मग हळूच, "नंदकिशोरना दाखवायला हवं होतं."

सुगंधाने काच खाली करून इंजिनाचा आवाज ऐकला.

संध्याकाळी जेवताना तिने मुलीला, अबोलीला, त्या खड्ड्याबद्दल सांगितलं. "त्याला आधीपासून माहीत होतं गं. मला बोललाच नाही."

अबोलीने हातातला घास ताटात ठेवला. "मला माहीत होतं, आई. एकदा बाबांच्या हातातून पाना पडला, मी बघितलं. म्हणाले, एवढं इंजिन होऊ दे, मग आईला सांगू."

"आणि तू गप्प बसलीस?"

"मी रोज तुला सांगायला यायचे. तू कामात असायचीस, हसत असायचीस. जमलंच नाही."

सुगंधाने ताट बाजूला सारलं. त्यानंतर कित्येक दिवस मायलेकींत कामापुरतंच बोलणं होत होतं.

एका रविवारी अबोली आपणहून गॅरेजमध्ये आली. सुगंधा एका नव्या गाडीचं हेड उतरवत होती. तिने शेवटचा बोल्ट सोडवला. पण हेड जड होतं, एकटीने उचलण्यासारखं नव्हतं. तिने अबोलीकडे बघितलं आणि म्हणाली, "त्या बाजूने धर. नीट, पाठ वाकवू नकोस."