गाऱ्हाण्याचा मान
कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये माझं स्वरयंत्र काढलं आणि राग आतच कोंडला. पूर्वी शिव्या घालून मोकळा व्हायचो. आता श्वास गळ्याच्या भोकातून ये-जा करतो, तोंडात वारा म्हणून येत नाही. मग हात चालायला लागला. ताटं फेकली, आरसा फोडला. एकदा बायकोवरही हात उचलला, त्याची लाज आजही वाटते.

रत्नागिरीत बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, "काका, प, ट, क जोरात आपटा. त्या धक्क्याने हवा अन्ननलिकेत शिरेल. ती ढेकरासारखी वर आणा, तोच तुमचा आवाज." दिवसभर मी अक्षरं आपटत बसायचो. 'ह' काही केल्या निघेना, 'ग' म्हटलं तरी 'क' ऐकू यायचा. पण मला शिमगा गाठायचा होता. पालखी सहाणेवर, म्हणजे गावातल्या तिच्या चौथऱ्यावर बसली की गावातर्फे देवाला गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा, बापामागे माझा.

सहाणेवर पोचलो तर धाकट्या भावाच्या हातात नारळ. म्हणाला, "दादा, तू बस. गाऱ्हानं मी घालतंय. देवाला कलाया नको?"

नारळ हिसकावून मी त्याच्या तोंडावर हाणला. दात तुटला, शर्ट रक्ताने भरला. त्याने माझा गळा धरला, पंजा नेमका भोकावर बसला. श्वास बंद होऊन मी गुडघ्यावर आलो, तसा तोच घाबरून मागे सरला. माणसांनी आम्हाला ओढून वेगळं केलं. म्हाताऱ्या मानकऱ्याने माझ्या हातात दुसरा नारळ कोंबला. "घाल. नाय जमला, तर मान सोड."

"पा तेवा माराचा..." 'बा देवा म्हाराजा'ला मी अशी सुरुवात केली. प्रत्येक ओळीला गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. पण माझी ओळ कुठे संपली हेच कुणाला कळेना. एकही 'व्हय' आला नाही. मान गेला, असं वाटून मला रडू फुटलं, तेही बिनआवाजाचं.

तेवढ्यात मागून आरोळी आली, "व्हय म्हाराजा!" भाऊ होता, रक्त थुंकत उभा. लहानपणी बापाशेजारी बसून आम्ही दोघांनी गाऱ्हाणं पाठ केलेलं. त्याच्यामागून गाव ओरडू लागलं. शेवटपर्यंत त्याने एकही जागा चुकवली नाही. मागे वळून त्याच्या तोंडाकडे बघायची माझी छाती झाली नाही.