शनीच्या यानाची घागर

आज सगळ्यात आधी टपकली ती भडगावची नात, पिंकी. तिची आई अजून दारात रिक्षावाल्याशी भांडत होती! बायांनो, माझा आनंद काय सांगू.

पोरीनं मोबाइलवर कडं घातलेला शनी दाखवला. मी दर शनिवारी तेल वाहते, तोच! म्हटलं, "हाऊ इतला देखना शे?" इतका देखणा असेल, वाटलंच नव्हतं.

"यानानं फोटो काढले, आजी. त्याच्या एका चंद्रावर बर्फाखाली पाणी आहे. यानाचं इंधन संपत आलं, तेव्हा आपले जंतू त्या पाण्यात जायला नको म्हणून त्याला शनीतच टाकलं. जळेपर्यंत ते माहिती पाठवत होतं."

मी पदर डोळ्यांना लावला. कोरोनात आमचे हे असेच, तेव्हा आमच्याकडे राहिलेल्या पिंकीला लागण नको म्हणून स्वतःहून धुळ्याच्या दवाखान्यात गेले. शेवटपर्यंत फोनवर विचारायचे, "नळले पानी उनं का?" नळाला पाणी आलं का, एवढंच. परत आलेच नाहीत.

रिक्षावाल्याला वाटेला लावून आत आलेली लेक म्हणाली, "रडू नको वं माय."

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, आपण गेलेल्यांच्या नावानं घागर भरतो. ह्यांच्या घागरीशेजारी त्या यानाची एक लहानशी ठेवली तर चालेल का गं? सांगा.

मायलेकी दोघी आखाजीलाच परत येतो म्हणाल्या.