धरमतरच्या दोन फळ्या

नाताळात मी शिकवते त्या शाळेला सलग तीन दिवस सुट्टी होती. लढाईमुळे पेट्रोल मोजून मिळते, पण डॉक्टरांच्या कोट्यातले थोडे शिल्लक होते. म्हणून कर्जतहून मोटारने अलिबाग गाठायचे आणि परतताना घाट चढून खंडाळा पाहून यायचे असे ठरले. डॉक्टर म्हणजे माझे यजमान. सोबत त्यांच्या थोरल्या बहीण, आमच्या वन्सं. साठी उलटली तरी त्यांनी समुद्र पाहिला नव्हता.

चौक, खालापूर आणि मग पेणचा रस्ता. खडी चांगली आहे, पण धूळ फार. डोक्याला रुमाल बांधावाच. पिण्याचे पाणी घरचे घ्यावे. आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती. हे इतके सावकाश चालवत होते की एक बैलगाडीवाला बराच वेळ आमच्याबरोबर होता. मला त्यात काही वावगे वाटले नाही. पेट्रोल वाचवण्यासाठी हे हळू चालवतात, असे मी पावसाळ्यापासून चारचौघींत कौतुकाने सांगत आले होते.

पेणच्या पुढे धरमतरची खाडी आहे. मोटार तरीवर, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या सपाट होडीवर, चढवावी लागते. भरतीची वेळ विचारूनच निघा, कारण ओहोटीला काठ आणि तर यांत मोठा उतार पडतो. माणसांना आधी उतरवतात, मग चाकांसाठी दोन फळ्या टाकतात आणि मोटार एकट्या चालवणाऱ्याने वर न्यायची. आम्ही दोघी काठावर उभ्या राहिलो. यांनी मोटार पुढे घेतली ती फळ्या सोडून हातभर डावीकडे.

"डाक्टर, फली हिकडं हाय. तुमी पान्यात कुठं चाललाव?" तरीवाला ओरडला.

सगळे हसले, हेही हसले. दुसऱ्या खेपेला उजवे चाक फळीवरून घसरले. चौघांनी खांदा लावून मोटार वर ढकलली.

"बाळ, समुद्र दाखवायला आणलंस की समुद्रात घालायला?" वन्सं म्हणाल्या.



अलिबागेत एका ब्राह्मण घरी उतरलो. दोन वेळचे जेवण आणि झोपायला ओटी, माणशी दीड रुपया. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, वर ताक. स्वच्छता उत्तम. घरमालकीण दोनदा वाढते, तिसऱ्यांदा मागावे लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर गेलो. ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते. वन्सं लुगडे वर खोचून पाण्यात शिरल्या आणि कितीतरी वेळ बाहेर येईनात. आम्ही दोघे वाळूत बसलो होतो. किल्ल्याकडे बोट करून मी यांना विचारले, "त्या बैलगाडीत माणसं किती आहेत हो?"

त्यांनी थोडा वेळ पाहिले. "असतील चार-पाच."

तिथे बैलगाडी नव्हतीच. धडा न वाचता आलेली मुले अशीच उत्तरे देतात.

"कधीपासून?" मी विचारले.

ते लगेच समजले. "पावसाळ्यापासून. मोतीबिंदू. उजवा पिकलाय, डावा मागोमाग येतोय."

"आणि कडाव? कोंडाणे? त्या गावांना रोज जाता ना?"

"ते रस्ते पाठ आहेत. मोटारीचा आवाज लोकांच्या ओळखीचा आहे, बाजूला होतात." मग म्हणाले, "मोटार बंद झाली की निम्मा दवाखाना बंद. कडावच्या अडलेल्या बाईनं चालत यायचं का कर्जतला?"

तरी मोटारीच्या सुकाणूला आता हात लावायचा नाही, हे मी त्यांना तिथेच सांगितले. ते उठून निघून गेले.

तिसऱ्या दिवसासाठी मी नामदेव नावाचा ड्रायव्हर ठरवला. अलिबाग-धरमतर मोटारीवर वीस वर्षे काढलेला माणूस. दिवसाचे तीन रुपये आणि जेवण. त्याने मोटार फळ्यांवरून एका दमात तरीवर नेली. हे तोंड फिरवून खाडीकडे पाहत होते.

खोपोलीत घाट समोर दिसल्यावर नामदेव थांबला. "बाई, खरं सांगतो, हा घाट मी कवा चढलो नाय."

मी मागे फिरा म्हणणार, तोच हे मागची जागा सोडून पुढे डावीकडे जाऊन बसले. "घाट मला पाठ आहे. चल."

आणि खरोखर, त्यांना पाठ होता. "आता उजवं वळण. मोठं आहे, आधीच खालच्या गिअरवर घे. आता शिंगरोबाचं देऊळ, पैसा टाक." नामदेवने पैसा टाकला. मागून वन्संनीही टाकला. दरी खोल होती आणि धुके विरत होते. यांचा आवाज तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळा झाला होता.

"डाक्टर, तुमी डोले मिटून सांगताव की काय?" नामदेव म्हणाला.

"मिटलेच समज. आता डावं वळण, मग सरळ. मोकळा रस्ता आहे, घे जोरात."

नामदेवने वळण घेतले आणि करकचून ब्रेक दाबला. वन्सं माझ्या अंगावर आल्या.

"काय झालं?" यांनी विचारले.

"लारी हाय उभी. चाक काढलंय तिचं."

"इथे कधी लॉरी नसते," हे म्हणाले. लॉरीजवळ बसलेला माणूस आम्हाला हाताने पुढे या म्हणत होता. मोटारीच्या नाकापासून तो चार हातांवर होता.

खंडाळ्यात चहा घेतला, दरी पाहिली. वन्संना समुद्रापेक्षा डोंगर आवडला, कारण तो हलत नाही. अंधार पडायच्या आत कर्जतला पोचलो.

त्याच संध्याकाळी यांनी मुंबईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना पत्र लिहायला घेतले. ओळी तिरक्या जाऊ लागल्या तेव्हा कागद माझ्याकडे सरकवला. शस्त्रक्रिया होळीनंतर आहे. तोवर नामदेव आमच्याकडेच राहिला आहे. धरमतर रस्त्यापेक्षा इथे धूळ कमी, असे तो म्हणतो.

सहल करावी की नाही, असे कोणी विचारले तर मी करा म्हणेन. तीन दिवस पुरतात. परवा कडावला बाळंतपण होते, मीही बरोबर गेले. हे आपणहून डावीकडच्या दाराने आत बसले. वळणे अजून आधीच सांगतात. पण आता प्रत्येक वळण सांगून झाले की नामदेवला विचारतात, "समोर काय आहे?"