हर्षलाच्या बापूसची स्लाइड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. तुला का सांगतेय? माहीत नाही. फक्त मध्येच थांबवू नकोस — एकदा थांबले तर परत तोंड उघडायची नाही मी.

अंधेरीला एमआयडीसीत आमची लॅब. दान केलेल्या मेंदूंचे पातळ काप काचेच्या पट्टीवर घ्यायचे — स्लाइड म्हणतो आम्ही — आणि त्यावर अँटिबॉडी टाकायची. अँटिबॉडी म्हणजे दिसायला पाणीच. पण ती टाऊ नावाच्या प्रोटीनलाच चिकटते, आणि रंग दिला की तेवढ्याच जागा तपकिरी होतात. तपकिरी म्हणजे मेंदूला रोग होता. कोरी म्हणजे नव्हता. सोपं आहे ना?

हर्षला आमच्याकडे काचसामान धुते. माहुलची कोळीण. तोंडाने फटकळ, पण न विचारता दुसऱ्याच्या पाण्याच्या बाटलीलाही हात लावायची नाही. तिचा बापूस पन्नाशीत पार बदलला. बायकोला मारायचा, शेजारणींना घाण बोलायचा, पोरांच्या ताटातलं ओढून खायचा. दारूला कधी शिवला नव्हता. तिची आई, आईस म्हणते ती, म्हणायची, मस्ती आलीय मेल्याला. हर्षला एकटीच म्हणायची, हा आजार आहे. तो गेला तेव्हा सगळ्यांशी भांडून तिनेच त्याचा मेंदू आमच्याकडे दान करवला. आमची लॅब संशोधनाची, नातेवाइकांना रिपोर्ट देत नाही. म्हणून तिने मला गाठलं. "तू बघ ना गं. हो की नाय, एवढंच सांग. आईसला दाखवून द्यायचंय मला."

आता येते मुद्द्यावर. येतेय रे बाबा.

एका शुक्रवारी मी अँटिबॉडीची कुपी बाहेर काढली आणि फ्रीजरमध्ये परत ठेवायला विसरले. मे महिना, शनिवार-रविवार एसी बंद. सोमवारी बघते तर खिडकीशी उभी, झाकण उघडं, आतलं गढूळ. वाट लागली! नवी परदेशातून यायला तीन महिने, आणि माझी नोकरी त्याच महिन्यात पक्की व्हायची होती. मी तीच वापरली. चालून जाईल, म्हटलं.

दर बॅचसोबत एक कंट्रोल लावतात — टाऊ आहे हे आधीच माहीत असलेला काप. तो तपकिरी झाला नाही तर अँटिबॉडी मेलेली, सगळी बॅच रद्द. माझी कंट्रोल कोरी आली. हर्षलाच्या बापूसची स्लाइडही कोरी. मग मी — हं — मागच्या महिन्याची तपकिरी कंट्रोल काढली, लेबल खरवडलं, नवं चिकटवलं आणि ट्रेमध्ये ठेवली. आमच्या लॅबच्या मोठ्या मॅडमनी बघून सही केली.

चहाच्या वेळी हर्षलाने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी मान हलवली. नाही म्हणून.

ती रडली नाही. "म्हणजे आईस खरं बोलत होती," एवढंच म्हणाली. त्या वर्षी पितृपक्षात त्यांच्या घरी त्याचं पान वाढलं नाही. त्यानंतरही कधी नाही. भिंतीवरचा फोटोसुद्धा उतरवला.

नवी कुपी आली तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी एकटीने त्याचा दुसरा काप लावला. का? स्वतःची सुटका करून घ्यायला, दुसरं काय! तपकिरी, यार. इकडून तिकडे तपकिरी. मी ती स्लाइड फुटक्या काचांच्या डब्यात टाकली, हात धुतले आणि जेवायला बसले. भेंडीची भाजी होती.

आठ वर्षं झाली. यंदा हर्षला तिच्या भावाबद्दल बोलायला लागलीय. पन्नाशीला टेकलाय तो. मुलीच्या ताटातली तळलेली तुकडी ओढून घेतो, बायकोवर हात टाकतो. हा रोग काही घरांत बापाकडून पोरांत उतरतो. मला माहीत आहे. तिला नाही. आईस त्याला जेवायला बाहेर ओट्यावर बसवते, आणि हर्षलाही आता आजाराचं नाव काढत नाही. "रक्तातच आहे गं मस्ती आमच्या," म्हणाली परवा, आणि हसली. त्याला डॉक्टरकडे न्यायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. कशाला येईल? मीच तर नाही म्हणून सांगितलंय.

हर्षला त्याच्याहून चार वर्षांनी लहान.

काल तिने माझ्यासाठी सुके बोंबील आणले. पिशवी माझ्या हातात दिली आणि माझ्या डब्यातली पोळी उचलून, न विचारता, माझ्याकडे न बघता, उभ्याउभ्याच खाल्ली. मग दुसरी उचलली.