थप्पीच्या तळाचं पोतं

रंजना मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथच्या आमच्या प्रयोगशाळेत होतो. बदलापूरहून त्यांची धाकटी बहीण नलिनीताई बोलत होत्या. "शांतपणे गेली रे. सकाळी चहा मागितला आणि कप येईपर्यंत…" मी अंत्ययात्रेला गेलो, पण मॅडमच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत झाली नाही. का झाली नाही, ते आज पाच आठवड्यांनी लिहितो आहे. हे मी त्या असताना सांगायला हवं होतं.

जनावरांच्या खाद्यात बुरशीमुळे तयार होणारं विष हा आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मॅडमच्या संशोधनाचा विषय. पेंड, मका, भुसा कुठेही ओल लागली की बुरशी धरते. जनावर ते खातं, दूध आटतं, यकृत खराब होतं, आणि त्या विषाचा अंश दुधातून माणसाच्या पेल्यातही उतरतो. प्रयोगशाळेच्या टोकाला खिडकी नसलेली एक खोली आहे, तिला आम्ही काळी खोली म्हणतो. तिथल्या जांभळ्या दिव्याखाली मक्याचे बाधित दाणे हिरवट-पिवळे चमकतात. दिवा लागला की भिंती, टेबल, मॅडम, सगळं नाहीसं व्हायचं आणि अंधारात फक्त ते दाणे जागे व्हायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरलो होतो. "घाबरतोस काय, ते तुला बघत नाहीयेत," मॅडमचा आवाज आला, "आणि चमकतं ते सगळं विष नसतं, न चमकणारं सगळं शुद्ध नसतं. आधी चाचणी, मग तोंड उघडायचं." पुढे त्यांना स्वतःलाच यकृताचा आजार झाला. लोक हळूच विचारायचे, कामामुळेच का हो? त्यावर त्या चिडायच्या. एका रुग्णावरून निष्कर्ष काढणाऱ्याला त्यांनी प्रयोगशाळेत उभं केलं नसतं.

मी नवीन असतानाची गोष्ट. पालेगावचे बाळारामदादा आले, म्हशी खाद्याला तोंड लावत नाहीत म्हणून. मॅडमनी मला नमुना आणायला पाठवलं. नियम साधा आहे. बुरशी पोत्यांच्या थप्पीत सगळीकडे सारखी नसते, एखाद्या कोपऱ्यात दडून बसते, म्हणून वरच्या, मधल्या आणि तळाच्या पोत्यांतून खाद्य घ्यायचं. तळाची पोती ओलसर भिंतीला चिकटली होती आणि ती काढायला सगळी थप्पी उतरवावी लागली असती. त्या संध्याकाळी मला उल्हासनगरला मुलगी बघायला जायचं होतं. अंगात नवा आकाशी शर्ट, इस्त्रीचा. मी वरच्या चार पोत्यांतून खाद्य घेतलं आणि कागदावर लिहिलं, तिन्ही थरांतून घेतलं. मुलीने मला नाकारलं, तेही बरोबरच केलं म्हणायचं. नमुना मात्र स्वच्छ निघाला आणि अहवालावर मॅडमची सही झाली.

त्या अहवालावर विसंबून दादांनी तेच खाद्य चालू ठेवलं. तीन म्हशी गेल्या. त्यातली एक गाभण होती. मॅडमबरोबर मी गोठ्यात गेलो तेव्हा उरलेल्या म्हशी तोंडं भिंतीकडे करून उभ्या होत्या, एकही रवंथ करत नव्हती. इतका शांत गोठा मी नंतर कधी पाहिला नाही. मॅडमनी तळाच्या पोत्यातून खाद्य आणलं, त्यातले मक्याचे दाणे निवडले आणि काळ्या खोलीत दिव्याखाली पसरले. तबक काठोकाठ उजळलं. मला त्यात म्हशींचे डोळे दिसायला लागले. मॅडम माझ्याशेजारी उभ्या होत्या, त्यांचा श्वास ऐकू येत होता. "बघितलंस?" एवढंच म्हणाल्या. मग बाहेर जाऊन मॅडमनी दादांना पत्र लिहिलं, "चूक माझी आहे." मी गप्प बसलो. नोकरी जाईल या भीतीने बसलो, आणि नंतर सवयीने.

शेवटच्या भेटीत, आवाज पार खोल गेलेला असताना, त्यांनी विचारलं, "तुझा तो आकाशी शर्ट कुठे गेला रे?" मी म्हटलं, फाटला. तो अजून कपाटात आहे. त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि त्यांनी मला बोलायला जागा करून दिली होती. मी तीही घेतली नाही.

गेल्या शनिवारी पालेगावला गेलो. गोठ्याच्या तिन्ही बाजूंनी आता इमारती उठल्या आहेत. "दादा, तो नमुना मी वरून घेतला होता. चूक मॅडमची नव्हती."

दादा म्हणाले, "मना ठाव हाय. मी दारानच उभा व्हतो. मनाही घाई व्हती, म्हून मीपण नाय बोललो." पुढे म्हणाले, "बाईंना मी सांगलं व्हतं. त्या बोलल्या, सही माझी हाय." त्यानंतर आजारी पडेपर्यंत मॅडम दर महिन्यातल्या एका शनिवारी गोठ्यावर यायच्या, असं दादांनी सांगितलं. थप्पी उतरवायला लावायच्या आणि तळाच्या पोत्यात खांद्यापर्यंत हात घालायच्या. आम्हाला प्रयोगशाळेत याचा पत्ता नव्हता.

आम्ही बोलत होतो तेव्हा कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या म्हशीने मान उचलली आणि कान टवकारून फाटकाकडे बघितलं. एकेक करत बाकीच्याही वळल्या. फाटकात कोणी नव्हतं. "शनवारी बगतान," दादा सहज म्हणाले, "यायची येल झाली ना बाईंची."

मी बाह्या वर केल्या. दोघांनी मिळून थप्पी उतरवली, मी तळाचं पोतं उसवलं आणि हात आत घातला. वरचं खाद्य गार होतं, खाली खाली जात हात खांद्यापर्यंत गेला आणि बोटांना ऊब लागली… कोणी नुकताच हात काढून घेतल्यासारखी. मग मॅडमनीच शिकवलेलं आठवलं, ओल लागलेलं खाद्य आतून तापतं. मागे सगळ्या म्हशी अजून फाटकाकडेच बघत होत्या. मी हात बाहेर काढला आणि दादांना म्हटलं, "यातलं आज काहीच घालू नका."